अळीले सवय झाली

प्रमिला तायडे मॅडम मला भेटल्या नसत्या तर मी आज काय करत असतो, याचा मला फार विचार करावा लागत नाही. वडिलांच्या पाठीवरचा फवारणीचा पंप माझ्या पाठीवर आला असता. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाचवीच्या पुढे गेलं नव्हतं. मी पदवीधर झालो, जीवशास्त्र शिकवू लागलो, अमरावतीला राजापेठेत पक्क्या घरात राहू लागलो, त्या सगळ्याच्या मुळाशी अकोल्यात डाबकी रोडवरची एक पत्र्याच्या छपराची ओसरी आहे आणि त्या ओसरीवर खडू घेऊन उभ्या असलेल्या मॅडम आहेत. हे मी कुणालाही सांगतो. जे कुणाला सांगितलं नाही ते असं, की त्याच ओसरीवर मी जळायला शिकलो. सुनंदा नावाच्या मुलीवर पंचवीस वर्षं जळत राहिलो. तिचं वाईट व्हावं असं एकदाही वाटलं नाही. तिचं एक वाक्य माझं असायला हवं होतं, एवढंच वाटत राहिलं.

या जानेवारीत मॅडमच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. मॅडमचा गळा बिघडला होता आणि डॉक्टरांनी महिनाभर एक शब्दही बोलायची मनाई केली होती.

"पाटीवर लिहून राहिल्या समदं," काकू म्हणाल्या. "दहावीचे पोट्टे येतात न रविवारी. उत्क्रांती राहिली म्हणे त्यांची. तुमी येता का, विचारून राहिल्या."

मागून लेखणीची किरकिर ऐकू आली. काकू थांबल्या, वाचलं असावं, आणि म्हणाल्या, "आन् डबा आणू नका म्हणतात. भाजी-भाकर हाय घरी."

मी हो म्हणालो. मग दिवसभर एक हलकेपण अंगात राहिलं. मॅडमना माझी गरज पडली होती. इतर कुणाची नाही, माझी.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं तसं दोन्ही बाजूंना काळं रान उघडं दिसू लागलं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, त्यांचे भारे बांधावर उभे होते, मधेच एखाद्या वाळल्या बोंडाला कापसाचा चुकार धागा लोंबत होता. हरभरा घाट्यांवर आला होता. अकोला जवळ आल्याचं मला डोळे मिटूनही कळतं. सरकीच्या तेलाचा तो जड, किंचित खवट वास खिडकीतून आत येतो आणि मी पंधरा वर्षांचा होतो.

त्या वासाबरोबर सगळंच येतं. आमच्या गावाहून अकोल्याला सकाळी दोन एसट्या होत्या, सहाची आणि साडेसातची. मी आणि सुनंदा साडेसातच्या गाडीनं यायचो. ती आमच्याच गावची, आमच्याच वर्गातली. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची आणि सुट्टीच्या दिवशी सुनंदाही. रविवारची वेचणी बुडवून ती उजळणीला यायची, म्हणून तिच्या आईची रोज कुरकुर असे. मॅडम आमच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या आणि परीक्षेच्या आधीचे दोन महिने दर रविवारी घरी उजळणी घ्यायच्या. बोलावणं सगळ्या वर्गाला असायचं. यायचे पंधरा-वीस.

ओसरीला शेणाचा सडा टाकलेला असे. अंगणात एक कडुनिंब होता. त्या दिवसांत त्याची पानगळ चालू असायची आणि वाऱ्याची झुळूक आली की पिवळी पानं आमच्या वह्यांवर पडायची. फळा म्हणजे काळा रंग दिलेली एक प्लायवूडची फळी, दोन खिळ्यांवर टेकवलेली. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात मॅडमच्या ठसठशीत अक्षरात कायम एक ओळ असायची: 'उत्तर प्रमाण भाषेत लिहावे.' ती ओळ त्या कधी पुसायच्या नाहीत. आम्ही बोलायचो वऱ्हाडी आणि लिहायला लागलो की आमची वाक्यं शाळेचा गणवेश घातल्यासारखी ताठ व्हायची.

आणि पेटी. हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी, जिच्यात मॅडमनी हाडं जमवली होती. झाकण उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या चुन्यासारखा वास यायचा. बैलाच्या पुढच्या पायाची हाडं, कोंबडीचा पंख, कुठल्याशा मांजराचा पंजा, आणि एका पुठ्ठ्यावर दोऱ्यानं शिवलेलं वटवाघळाचं पंखातलं हाड, काडेपेटीच्या काडीहून बारीक. आम्ही डोळे मिटायचे, एक हात हाडावर ठेवायचा, दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट चाचपायचं.

"दंडात एक हाड, कोपराखाली दोन. बैलाला सापडली का दोन?" मॅडम विचारायच्या.

"मॅडम, बैलाची दोन चिकटून एक झाली!"

"शाबास. वटवाघळाची?"

"मॅडम, हात लावला तर मोडंन."

"मोडलं तर तुझं काढून घेऊ. लाव."

अवशेषांगांच्या दिवशी ओसरीवर जत्रा असायची. सगळ्यांनी पायरीवर बसून माकडहाड शोधायचं. अक्कलदाढ कुणाला आली ते मॅडम विचारायच्या आणि वर्गातला सगळ्यात ढ मुलगा हात वर करायचा. मग कान हलवायची स्पर्धा. ते स्नायू आपल्याला उरलेले आहेत पण काम उरलेलं नाही, असं सांगून झालं की मॅडम म्हणायच्या, "बघू, कोणाचे अजून चालतात?" माझे चालायचे. दोन्ही. पोरं टाळ्या पिटायची, मॅडम हातावर फुटाणे आणि गुळाचा खडा ठेवायच्या. तो गूळ तोंडात विरघळत असतानाही मला कळायचं की हे बक्षीस माझ्या अकलेचं नाही. गाढवालाही मिळालं असतं, आणि गाढवाचे जास्त चांगले हलतात.

मला मॅडमच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट गोष्ट पाहायची होती. क्वचित, फार क्वचित, कुणी असं काही बोललं की ज्याची त्यांनी अपेक्षा केली नव्हती, तर त्या चष्मा काढायच्या. काही म्हणायच्या नाहीत. नुसता चष्मा काढून पदरानं पुसायच्या. माझ्यासाठी त्यांनी तो कधी काढला नव्हता. माझी उत्तरं बरोबर असायची, पुस्तकातली असायची.

फेब्रुवारीच्या एका रविवारी, नैसर्गिक निवडीचा भाग चालला होता. पुस्तकात दोन शास्त्रज्ञांची चित्रं होती. एकाला आम्ही जिराफवाला म्हणायचो, कारण मान ताणून ताणून लांब झाली आणि ती पिल्लांना मिळाली, असं त्यानं सांगितलं होतं. दुसरा दाढीवाला. दोघांतला फरक मॅडमनी फळ्यावर मांडला होता आणि मला पाठ होता, दोन गुणांचा. मॅडमनी पुस्तक मिटलं.

"पूर्वी एका फवाऱ्यात बोंडअळी मरायची. आता चार फवारे दिले तरी मरत नाही. काहून?"

त्यांच्या तोंडून 'काहून' आलं म्हणजे प्रश्न पुस्तकाबाहेरचा. माझा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. हे तर माझ्या घरातलं होतं. मी स्वतः वडिलांसाठी पंपात पाणी भरत असे, औषधाचा तो उग्र वास माझ्या सदऱ्याला असे, आणि वडील शेताच्या धुऱ्यावर बसून तंबाखू मळताना जे म्हणायचे ते मी हजारदा ऐकलं होतं.

"मॅडम, अळीले सवय झाली."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्या घरी हेच म्हणायचे.

"कोण म्हणतं?"

"माझे बाबा."

"बरं. पण अळीचा पतंग होतो, पतंग अंडी घालतो आणि मरतो. त्या अंड्यातून निघालेल्या अळीनं तर औषध पाहिलंच नाही. तिला सवय कुठून आली?"

मी गप्प झालो असतो तर बरं झालं असतं. पण मॅडम माझ्याकडे बघत होत्या, चष्म्यावर त्यांचा एक हात होता, आणि मला वाटलं आता काढतील. मला आठवले वडील, माझ्या खांद्यावर पंपाचा पट्टा कसा बसवायचा ते दाखवणारे.

"तिची माय शिकवत असंन, मॅडम."

ओसरी हसण्यानं फुटली. "अबे, अळीची शाळा!" कुणीतरी ओरडलं. "गणवेश कोणता बे?" "हिरवा!" पोरं वह्यांवर डोकी टेकवून हसत होती. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांचा हात चष्म्यावरून खाली आला.

सुनंदा मागे खांबाला टेकून बसली होती. बोंडांच्या वाळल्या टोकांनी तिची बोटं नेहमी ओरखडलेली असायची आणि ती सारखी चोखायची. हसणं ओसरल्यावर ती बसल्या जागेवरूनच बोलली, जणू वर्गाला नाही, स्वतःलाच.

"सवय नाई न मॅडम. फवाऱ्यानंतर आमी वेचाले जातो. समद्या मेलेल्या नसतात. एखांदी राह्यते. थे आधीपासूनच तशी असंन. मरायच्या त्या मेल्या. राह्यली तिचीच पिल्लं."

मॅडमनी चष्मा काढला.

त्या बराच वेळ पुसत होत्या. मग फळ्याकडे वळल्या, जिराफवाला आणि दाढीवाला दोघांनाही पुसून टाकलं आणि 'उत्तर प्रमाण भाषेत लिहावे' या ओळीच्या खाली, मोठ्या अक्षरात, जसंच्या तसं लिहिलं: मरायच्या त्या मेल्या, राह्यली तिचीच पिल्लं.

तेवढ्यात गल्लीत आरडाओरडा झाला, "नळ आले! नळ आले!" अकोल्यात नळ म्हणजे चार-पाच दिवसांनी येणारा पाहुणा. उजळणी थांबायचीच. अंगणातला नळ आधी नुसता फुसफुसला, खाकरला, मग लालसर पाणी थुंकला. मॅडमनी पदर खोचला, पोरांनी रांग लावली, हंडे, गुंड, बादल्या हातोहात सरकू लागले. सगळे ओले झाले, सगळे हसत होते. माझं उत्तर कुणाच्याही लक्षात नव्हतं. मी नळाला लावलेली रबरी नळी धरून उभा होतो आणि माझी नजर फळ्यावरून हटत नव्हती.

परतीच्या गाडीत सुनंदा शेजारी बसली. "काहून गुमसुम हायेस बे? मायनं शिकवलं नाई का बोलाले?" ती हसत होती. तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी उठून कंडक्टरच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो. पुढच्या रविवारपासून मी सहाची गाडी धरू लागलो.

"थांबला काहून नाई?" तिनं ओसरीवर विचारलं.

"काम होतं."

"सकाळी सातला अकोल्यात कोणतं काम असते बे तुले?"

मी तिच्या आधी येऊन बंद फाटकाबाहेर झुकलेल्या कडुनिंबाच्या फांदीखाली बसून राहायचो. पानं अंगावर पडायची. त्या पानांचा कडसर वास अजून मला हेव्याचाच वास वाटतो.

बोर्डाच्या परीक्षेत प्रश्न आला: नैसर्गिक निवड उदाहरणासह स्पष्ट करा. सगळी पोरं जिराफ घेऊन बसली असतील. मी बोंडअळी लिहिली. सुनंदाचं वाक्य मी प्रमाण भाषेत बसवलं, त्याला 'अनुकूल भेद असलेले सजीव टिकून राहतात' असा गणवेश चढवला, आणि खाली रेघ मारली. विज्ञानात मी शाळेत पहिला आलो. पेढे वाटले. सुनंदाला मी पेढा दिला तेव्हा ती म्हणाली, "मी बी अळीच लिवली रे," आणि मला तिचा तेवढ्यासाठीही राग आला, जणू तिनं माझं काही चोरलं होतं.

बारावीनंतर तिचं लग्न झालं. मी पुढे शिकत गेलो. बी.एस्सी.ची पदवी फेब्रुवारीत हातात आली तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन मॅडमकडे गेलो. रविवार होता. फाटकाच्या कडीला हात लावला आणि आतून त्यांचा आवाज आला: "...आणि तेव्हा सुनंदा खांबाला टेकल्या टेकल्या म्हणाली..." मग मुलांचं हसणं. मी कडी वाजवली नाही. डाबकी रोडच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि अर्ध्या तासानं परत आलो. मॅडमनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, त्यांचे डोळे भरून आले. मी पदवी हातात घेऊन उभा होतो आणि माझ्या मनात एवढंच होतं, की ती मुलं हसली ती माझ्यावर. या ओसरीवर दर वर्षी सुनंदा शहाणी ठरते आणि दर वर्षी मी अळीला शाळेत घालतो.

मग नोकरी. धारणीच्या पुढे एका आश्रमशाळेत सहा वर्षं, जिथे पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की जीप येणं बंद आणि आम्ही व पोरं एकमेकांच्याच भरवशावर. मग अमरावती. आता राजापेठेत एका मोठ्या क्लासमध्ये शिकवतो; दोनशे मुलं, कॉलरला माइक, खाली दुचाक्यांची ही गर्दी. धारणीत काय नि राजापेठेत काय, उत्क्रांती आली की मी बोंडअळी सांगत आलो आणि शेवटी ते वाक्य, वऱ्हाडीतच, कारण ते वऱ्हाडीतच डोक्यात बसतं. मुलं विचारतात, "सर, हे भारी आहे. तुमचं आहे का?" मी हसतो. नाही म्हणत नाही.

सुनंदा बार्शीटाकळीकडच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. एकदा अकोल्याच्या बसस्टँडवर दिसली होती. हातात रजिस्टरांची पिशवी, खांद्याला पर्स, केसांत पांढरं. मी खांबाच्या आड झालो. पदवी माझ्याकडे, नोकरी माझ्याकडे, आणि लपलो मी.

तर या जानेवारीत मी त्या ओसरीवर परत उभा होतो. छपराचे पत्रे नवे आहेत, सड्याच्या जागी फरशी आली आहे. कडुनिंब आहे. मॅडम दारात खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर ताटली, ताटलीत तुरीच्या शेंगा, आणि गळ्यात दोरीनं बांधलेली पाटी. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या गळ्यात पहिलीच्या पोराची पाटी. त्यांनी लिहिलं: 'आलास. बरं झालं.' मी वाकलो, पाया पडलो. त्यांनी ओल्या फडक्यानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं: 'आधी सुनंदाला विचारलं. तिला सर्वेक्षण आहे.'

माझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला माहीत नाही. चाळीस पार केलेला माणूस, दोन मुलांचा बाप. मी "हो का," म्हणालो आणि खडू शोधू लागलो.

अकरा मुलं होती. हाडं चाचपली, माकडहाड झालं, जोडणारे दुवे झाले. एक मुलगी, वैष्णवी, पुढे बसलेली, प्रत्येक उत्तर माझ्या आधी पुरं करायची. मला तिचाही हेवा वाटत होता. तिला मॅडम दर रविवारी मिळत होत्या. मग मी जुन्या प्रश्नावर आलो. आता पुस्तक नवं आहे, अळीही नवी आहे, गुलाबी, बोंडाच्या आत घर करून बसणारी.

"फवारून फवारून मरत का नाही?"

मागचा एक मुलगा म्हणाला, "सर, सवय झाली असंन तिले."

खडू हातात धरून मी हसण्याची वाट पाहिली. पण मुलं त्याच्यावर हसली नाहीत, कण्हली.

"अबे यार, सुनंदाताईचं सांग ना!"

"कोण सुनंदाताई?" मी विचारलं. मला ऐकायचंच होतं. इतक्या वर्षांत फाटकाबाहेरून ऐकलेलं, आता समोरून. मी तयार होतो. अळीची माय, अळीची शाळा, हिरवा गणवेश, सगळ्याला.

वैष्णवी उभी राहिली. "सर, मॅडम दर वर्षी सांगतात. म्हणजे मॅडमच एकदा चुकल्या होत्या. त्यांनी वर्गाला सांगितलं, अळीले सवय होते आणि अळीची माय पिल्लांले शिकवते. सगळे हसले मॅडमवर. मग सुनंदाताई मागून म्हणाली, सवय नाई न मॅडम. मरायच्या त्या मेल्या, राह्यली तिचीच पिल्लं. मॅडमनी फळा पुसून ते लिवलं. मॅडम म्हणतात, माझी चूक पोरीनं सुधरवली, तर तुमी बी माझी चूक काढाले भेऊ नका."

"मॅडम चुकल्या होत्या?"

"हो सर. त्या सोताच सांगतात."

मी दाराकडे पाहिलं. मॅडमच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच होती. त्या माझ्याकडेच पाहत होत्या. मग त्यांनी घाईघाईनं पाटी ओढली, काहीतरी खरडलं आणि वैष्णवीकडे वळवली: 'गोष्टी पुरे. पुढचा प्रश्न.'

मी पुढचा प्रश्न घेतला. जीवाश्म. कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा. हात फळ्यावर चालत होता. आत मात्र मी चाचपत होतो, डोळे मिटून हाड शोधावं तसा. इतकी वर्षं ज्या हसण्याला मी घाबरलो ते माझ्यावर नव्हतंच. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्या गोष्टीत सुनंदा होती, मॅडम होत्या, अळी होती, तिची माय होती. मी नव्हतो. पंचवीस वर्षं मी एका ओसरीवरचा मूर्ख म्हणून जळत होतो आणि त्या ओसरीवर ती जागासुद्धा माझी नव्हती. ती मॅडमनी स्वतःकडे घेतली होती.

दुपारी त्यांनी मला भाकरी वाढली, तुरीच्या दाण्यांची भाजी वाढली. चुलीवर भाजलेल्या मिरचीचा ठसका घरभर होता आणि त्यांना खोकायलाही मनाई होती, म्हणून त्या तोंडाला पदर लावून अंगणात गेल्या. मला विचारायचं होतं. पाटी समोर होती. पण एवढ्याशा पाटीवर त्यांनी काय उत्तर लिहावं? संध्याकाळच्या गाडीनं निघालो तेव्हा त्यांनी माझ्या मुलांसाठी गुळाची ढेप दिली.

त्या आठवड्यात राजापेठेत माझ्या क्लासला उत्क्रांतीचीच उजळणी होती. त्यानंतर मी हे पत्र पोस्टात टाकलं. मोबाइलवरचं बारीक अक्षर मॅडमना वाचवत नाही.

*

आदरणीय मॅडम,

सविनय जयभीम.

गळ्याला आराम असेल. काकूंकडून रोज खबर घेतो. तुमच्या पोरांची तयारी चांगली आहे; मागे बसणाऱ्या त्या मुलाला भेद आणि सवय यातला फरक अजून एकदा समजावून सांगावा लागेल. तो मी येत्या रविवारी सांगतो, त्याला कुणी हसू नये.

मला तुम्हाला काही सांगायचं आहे आणि ते तुम्ही बोलू शकत नाही तोवरच सांगायला सोपं आहे. बोर्डाच्या पेपरात मी सुनंदाचं उत्तर लिहिलं होतं. ते पहिलं येणं तिच्या वाक्यावरचं होतं. त्यानंतर मी ते वाक्य शेकडो मुलांना शिकवलं आणि तिचं नाव एकदाही घेतलं नाही. मला तिचा हेवा वाटायचा. अजून वाटतो, हेही खरं. तुम्ही तिला आधी विचारलंत तेव्हा मला वाईट वाटलं.

काल राजापेठेत दोनशे मुलांसमोर माइकवर मी सांगितलं की हे वाक्य सुनंदाचं आहे, ती माझ्या वर्गात होती, कापूस वेचायची आणि आता अंगणवाडीत शिकवते. मुलांनी वहीत तिचं नाव लिहिलं. नंतर मी तिला फोन केला. ती म्हणाली, "पंचवीस वर्षांनी सहाची गाडी चुकली का बे तुयी?" मी तिला रविवारी ओसरीवर बोलावलं आहे. येते म्हणाली. तिनं उत्क्रांती घ्यावी, मी हाडांची पेटी धरीन.

आता माझं एक मागणं आहे. माझी चूक तुम्ही स्वतःवर घेतलीत, ती मला परत द्या. तुम्ही ती का घेतलीत ते मला कळतं. पोरांनी माझ्या बापाला हसू नये म्हणून घेतलीत. पण मॅडम, मला त्या ओसरीवर कुठेतरी राहायचं आहे, आणि तेवढीच एक जागा माझी आहे. पुढच्या वर्षी गळा मोकळा झाला की सांगताना म्हणा, की हा मुलगा चुकला होता. म्हणा, त्याच्या वडिलांनी रानात जे पाहिलं ते खरं होतं, अळी खरंच मरत नव्हती. फक्त का, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि नाव पूर्ण घ्या. नुसतं माझं आणि आडनाव नको, मधलंही घ्या. बाबा कधी शाळेत गेले नाहीत. त्यांचं नाव जेव्हा कधी शाळेत गेलं ते माझ्या नावाच्या मधे बसून गेलं.

तुमचा विद्यार्थी